वारेचं वजन : डाकारमधल्या ९९ गर्भवती आणि त्वचा उजळवणारी मलमं

सेनेगलची राजधानी डाकार. तिथल्या एका साध्या माताआरोग्य केंद्रात तपासणीला आलेल्या, सहा ते नऊ महिने भरलेल्या ९९ बायकांची निवड झाली. निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती, कुणाचा चेहरा बघून केलेली नव्हती. एरवी इथे वजन होतं, रक्तदाब बघतात, पोटावर हात ठेवून बाळाची वाढ अजमावतात. या वेळी त्वचेचीही तपासणी झाली आणि अंगाला काय लावता याची चौकशी झाली. ९९ पैकी ६८ जणी त्या चालू गरोदरपणातच त्वचा उजळवणारं काही ना काही लावत होत्या. ६४ जणींच्या वापरात हायड्रोक्विनोन होतं, २८ जणींच्या वापरात सर्वांत तीव्र गटातलं स्टिरॉइड. बेरीज ६८च्या पुढे जाते, कारण अनेकींच्या डबीत दोन्ही होती.

आंत्वान माहे, फातिमाता ली हे त्वचारोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिम आफ्रिकेतल्या त्वचा उजळवण्यावर बरंच लिहिलं गेलंय, पण त्यातला बहुतेक मजकूर चेहऱ्यापाशीच घुटमळतो : डागाळलेले गाल, आधीचे-नंतरचे फोटो, हळहळ. या अभ्यासाने चेहरा सोडून रक्त तपासलं आणि बाळंतपणानंतर वारेकडे, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या प्लासेंटाकडे बघितलं. म्हणून मी हाच अभ्यास घेतलाय.

आधी जे आढळलं नाही ते सांगतो, कारण भीती घालण्याच्या भरात हेच गाळलं जातं. उजळवणारं काहीतरी लावणाऱ्या सगळ्या ६८ जणी एका बाजूला आणि न लावणाऱ्या दुसऱ्या बाजूला ठेवल्या, तर गरोदरपणाच्या मुख्य निष्पत्तीत फरक दिसला नाही. फरक दिसला तो तीव्र स्टिरॉइड लावणाऱ्यांना वेगळं काढल्यावर. त्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते स्टिरॉइड, कमी होतं. त्यांची वार लहान होती. आणि कमी वजनाची बाळं त्यांच्यात जास्त जन्मली. २८ हा आकडा छोटा आहे आणि एका केंद्रावरून साऱ्या देशाचा निवाडा करता येत नाही. पण कमी कॉर्टिसॉल, लहान वार, हलकं बाळ या तीन गोष्टी एकाच दोऱ्यात ओवलेल्या आहेत. तो दोरा नीट बघायचा तर त्या डबीपर्यंत जावं लागतं.

डबीत काय असतं

वोलोफ भाषेत ‘खेस’ म्हणजे उजळ वर्णाचा, आणि त्यावरून त्वचा उजळवण्याला ‘खेसाल’ म्हणतात. शेजारच्या मालीत याच गोष्टीला ‘चाचो’ म्हणतात, टोगोत ‘अकोंती’, कॅमेरूनमध्ये फ्रेंचमधून आलेलं ‘देकापाज’. या शेवटच्या शब्दाचा मूळ अर्थ जुना रंग खरवडून काढणं. भिंत रंगवण्याआधी रंगारी करतो तेच. बायकांनी स्वतःच्याच कामाला दिलेलं हे नाव ऐकलं की यांना काहीच कळत नाही असं म्हणण्याचा धीर होत नाही.

डबीतलं पहिलं औषध हायड्रोक्विनोन. त्वचेतल्या रंगपेशी ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने मेलॅनिन बनवतात, त्या टायरोसिनेजला ते अडवतं. या घराण्याच्या रसायनांचा हा गुण माणसाला कळला तो अपघाताने. १९३९ साली अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठल्याचा अहवाल आला. दोष त्यांच्या रबरी हातमोज्यांत निघाला. रबर टिकावं म्हणून त्यात हायड्रोक्विनोनचाच एक भाऊबंद मिसळलेला होता. एका कारखान्यात जो व्यावसायिक आजार म्हणून नोंदवला गेला, त्याच्याच जवळच्या रसायनाची पुढे सौंदर्यप्रसाधन म्हणून विक्री झाली. त्वचेवर चोळलेल्या हायड्रोक्विनोनचा एक तृतीयांशाहून अधिक भाग शरीरात शोषला जातो, आणि म्हणून गरोदरपणात ते टाळायला सांगतात. त्याने बाळात व्यंग येतं असं सिद्ध झालेलं नाही.

दुसरं औषध म्हणजे या प्रकरणाचा खरा नायक किंवा खलनायक, जे म्हणायचं ते म्हणा : क्लोबेटासोल, सर्वांत तीव्र गटातलं स्टिरॉइड मलम. सोरायसिस, हट्टी इसब यांवर ते अप्रतिम काम करतं आणि त्वचारोगतज्ज्ञ ते रोज लिहून देतात. गंमत अशी की स्टिरॉइड मलमांची ताकद मोजायची जी पद्धत १९६२ मध्ये रूढ झाली, ती मुळात त्वचा किती पांढरी पडते हे बघण्याची आहे. मलम लावलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ती जागा फिकट दिसते. जितकी फिकट, तितकं मलम जोरकस. त्याखेरीज दीर्घ वापराने रंगपेशींचं कामही मंदावतं. म्हणजे औषधाच्या जोराचं जे माप प्रयोगशाळेने ठरवलं, त्याच गुणाला डाकारच्या बाजारात गिऱ्हाईक मिळालं. बाजाराने औषधाचा चुकीचा अर्थ लावला असं तरी कसं म्हणायचं? त्याने बरोबर तोच गुण हेरला.

आता थोडा हिशेब. क्लोबेटासोलच्या सूचनापत्रात आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको, असं लिहिलेलं असतं. एका मोठ्या माणसाचं सगळं अंग एकदा माखायला साधारण २० ते ३० ग्रॅम मलम लागतं. म्हणजे सगळ्या अंगाला लावायचं ठरवलं तर आठवड्याचा कोटा दोन वेळांत संपतो. खेसालमध्ये ट्यूब बहुधा तशीच लावत नाहीत. अंगाला लावायच्या लोशनच्या मोठ्या डबीत ती पिळतात, कधी दोन-तीन वेगवेगळ्या ट्यूबा एकत्र करतात आणि ते मिश्रण लावतात. मिश्रणात औषध पातळ होतं, हे खरं. पण ते लावलं जातं गळ्यापासून पायापर्यंत, दिवसातून एकदा किंवा दोनदा, उष्ण दमट हवेत, आणि महिनोन् महिने. अशा लोशनला फ्रेंचमध्ये ‘ले’ म्हणजे दूध म्हणतात. दूध म्हटलं की औषधाची आठवणही कुणाला होत नाही.

वार लहान का झाली

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात. रक्तात बाहेरून आलेलं स्टिरॉइड मेंदूला दिसलं की तो या ग्रंथींना काम थांबवायचा निरोप धाडतो. दुकानात उधारीचा माल भरपूर आल्यावर घरची चूल विझावी, तसं. रक्ततपासणीत कॉर्टिसॉल कमी आलं याचा अर्थ एवढाच की कातडीवर चोळलेलं मलम कातडीपाशी थांबलं नव्हतं, मेंदूपर्यंत त्याची वर्दी गेली होती. गोळी नाही, इंजेक्शन नाही, तरी शरीराच्या लेखी ही बाई रोज स्टिरॉइड घेणारी रुग्ण होती.

एरवी याची फारशी जाणीव होत नाही. थकवा येतो, पण गरोदर बाईला थकवा आला तर कोण आश्चर्य करतो? प्रश्न उभा राहतो तो शरीरावर ताण पडल्यावर : लांबलेली प्रसूती, रक्तस्राव, सिझेरियन, तापाचा संसर्ग. अशा वेळी निरोगी ग्रंथी कॉर्टिसॉलची मात्रा कैक पटींनी वाढवतात. महिनोन् महिने झोपवलेली ग्रंथी त्या क्षणी उठेलच याची खात्री नसते. रक्तदाब कोसळला, तर भूलतज्ज्ञाला त्याचं कारण माहीत असायला हवं, आणि ते कारण केसपेपरवर नसतं.

वारेचं काम याहून नाजूक. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल बाळापर्यंत जास्त पोचू नये म्हणून वारेत एक विकर पहारा देतं आणि ते निष्क्रिय करून टाकतं. काही कृत्रिम स्टिरॉइडांपुढे हा पहारा कमजोर पडतो. स्टिरॉइड जास्त पोचलं की पेशींची वाढ मंदावते, वारेचीही आणि बाळाचीही. त्वचेला लावायच्या स्टिरॉइडांचा गरोदरपणावर काय परिणाम होतो याचे निरनिराळ्या देशांतले अभ्यास पुढे एकत्र करून तपासले गेले. सौम्य मलमांचा दोष दिसला नाही. तीव्र आणि अतितीव्र मलमं संपूर्ण गरोदरपणात ३०० ग्रॅमपेक्षा जास्त वापरलेल्यांत मात्र बाळाचं वजन कमी असण्याशी संबंध आढळला. डाकारच्या २८ जणींत जे दिसलं त्याला यातून पुष्टी मिळते. खेसाल करणारीला ३०० ग्रॅम गाठायला किती दिवस लागतील याचा अंदाज वरच्या हिशेबावरून ज्याचा त्याने करावा.

कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्ग लवकर होतो, ते अंगाची ऊब धरून ठेवू शकत नाही, दूध ओढायला कमी पडतं. एवढं पुरे. ज्यांनी असं बाळ घरात वाढवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

गरोदरपणातच का

शहाणा माणूस इथे विचारील, निदान या नऊ महिन्यांत तरी थांबता येत नाही? उत्तर दिनदर्शिकेत आहे. सेनेगलमध्ये बाळाच्या जन्मानंतर आठव्या दिवशी ‘न्गेंते’ होतं, म्हणजे तिथलं बारसं. सकाळी बाळाचं जावळ काढतात, इमाम नाव जाहीर करतो. हा भाग पुरुषांचा आणि धर्माचा. दुपारनंतर दिवस बायकांचा. माहेर-सासरच्या बायका जमतात, कापडचोपड आणि पैशांची देवघेव चारचौघांत मोजून होते, भाट कुळाची स्तुती गातात, आणि बाळंतीण दिवसभरात कितीदा तरी पोशाख बदलून सगळ्यांसमोर येते. लग्नानंतर एखाद्या बाईकडे एवढ्या नजरा एकदम वळतात त्या याच दिवशी. फोटो काढले जातात, आता व्हिडिओही. आणि ज्या देशाच्या कायद्यात पुरुषाला चार बायकांपर्यंत विवाहाची मुभा आहे, तिथे त्या नजरांमध्ये सवतीची नजरही असू शकते.

त्यात गरोदरपणाचा स्वतःचा रंग असतो. संप्रेरकांमुळे गालांवर वांग येतात, मान काळवंडते, पोटावर मधोमध काळी रेघ उमटते. ज्या दिवशी सर्वांत उजळ दिसायचं, त्याच्या आधीचे नऊ महिने शरीर उलट दिशेने चाललेलं असतं. मग हात सैल होतो आणि डबीत आणखी एक ट्यूब पिळली जाते. हा अविचार नाही, तारीख ठरलेल्या कामाची तयारी आहे, आणि तिला सल्ला देणाऱ्याने आधी ती तारीख ध्यानात घ्यावी. आपल्याकडे गर्भारशीला बाळ गोरं व्हावं म्हणून केशर घातलेलं दूध देणाऱ्या आज्ज्यांना यात परकं काही वाटू नये. केशराने वारेला काही होत नाही, एवढाच फरक.

उजळपणाची ही ओढ आली कुठून, याची सोपी उत्तरं बरीच मिळतात. वसाहतवाद हे एक, आणि ते खोटं नाही. सेनेगलमधल्या सेंट लुईस शहरात आणि ‘गोरे’ नावाच्या बेटावर अठराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांशी संबंध जोडलेल्या आणि त्या संबंधांतून जन्मलेल्या श्रीमंत स्त्रियांचा एक वर्गच होता. त्यांना ‘सिन्यार’ म्हणत. घरं, दागिने, गुलाम, गलबतं, सगळं त्यांच्या मालकीचं. वर्ण आणि वैभव यांची गाठ तिथे डोळ्यांना दिसेल अशी बांधलेली होती. पण त्या गाठीवर सगळं ढकलून आजच्या बाईला मनाने गुलाम म्हणणं मला पटत नाही. ‘नेग्रित्यूद’ या काळेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या विचाराचे एक जनक लिओपोल्ड सेंघोर हे याच देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, १९६० ते १९८० अशी वीस वर्षं. अभिमानाच्या घोषणेने काम भागलं असतं तर सगळ्यात आधी डाकारमध्ये भागलं असतं. आपल्या पिशवीतल्या पैशांत, या बाजारात, या लग्नव्यवस्थेत थोडं अधिक वजन मिळवायला बाई जे हाताशी आहे ते वापरते. ते हाताशी असलेलं औषध निघालं, ही दुर्घटना.

आकड्यांबद्दल एक अवांतर

‘नायजेरियातल्या ७७ टक्के स्त्रिया त्वचा उजळवतात’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. त्याच यादीत टोगो ५९ आणि सेनेगल २७ टक्के असतात. यातला ७७चा आकडा लागोस शहराच्या बाजारातल्या साडेचारशेच्या आसपास विक्रेत्यांच्या एका पाहणीत मिळालेला आहे. पाहणी प्रसिद्ध झाली २००२ मध्ये. एका शहरातल्या एका व्यवसायाचा आकडा फिरत फिरत वीस कोटींच्या देशातल्या सगळ्या बायकांच्या माथी बसला. सेनेगलचं जरा बरं आहे. २००२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६८५ स्त्रियांपैकी २६ टक्के त्या वेळी वापर करत होत्या आणि ३६ टक्क्यांनी कधी ना कधी केलेला होता. वापरणाऱ्यांपैकी ७५ टक्के जणींच्या त्वचेवर दुष्परिणाम दिसत होते, सर्वांत जास्त चेहऱ्यावर पुटकुळ्या. उच्च रक्तदाब आणि मधुमेह हेही त्यांच्यात अधिक आढळले.

मग २६ कुठे आणि गर्भवतींतले ६८ कुठे? माझ्या मते याचं उत्तर निम्मं न्गेंतेत आहे आणि निम्मं विचारण्याच्या रीतीत. खेसाल सगळ्यांना माहीत असतं आणि कबूल कुणी करत नाही. ‘तुम्ही त्वचा उजळवता का?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असंच येतं, आणि विचारणाऱ्या नर्सच्या आवाजात जरा जरी ठपका असला तर नक्कीच. त्वचेचा डॉक्टर मात्र विचारण्याआधी बोटांची पेरं बघतो. सांध्यांवरची कातडी जाड असते, तिथे मलम पुरतं लागू पडत नाही, म्हणून पेरं, कोपरं, कानांच्या कडा, घोटे काळे राहतात आणि मधला भाग पिवळट दिसतो. यालाच आफ्रिकेत अनेक ठिकाणी ‘फँटाचं तोंड, कोका-कोलाचे पाय’ म्हणून हिणवतात. हिणवणारे बहुधा पुरुषच, आणि लग्नाला मुलगी बघताना त्यांना फँटाच हवा असतो.

दवाखान्यात पुढे काय येतं

गरोदरपण नऊ महिन्यांत संपतं, डबी संपत नाही. डाकारच्या त्वचारोग विभागांत या बायका पुढची पंधरा-वीस वर्षं निरनिराळ्या तक्रारी घेऊन येत राहतात. अंगभर पसरलेला नायटा, जो साध्या औषधाला दाद देत नाही, कारण त्वचेची प्रतिकारशक्तीच स्टिरॉइडने निजवलेली असते. मांड्यांवर, दंडांवर, छातीवर बोटाएवढ्या रुंद ताणरेषा, ज्या पुन्हा भरून येत नाहीत. कातडी इतकी पातळ की टाका घालताना फाटते, जखम भरत नाही. सिझेरियन करणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं.

पायाला लाली, सूज, थंडी वाजून ताप असा खोल त्वचेचा जंतुसंसर्ग आफ्रिकेत नेहमीचा. त्याची कारणं शोधायला सहाराच्या दक्षिणेकडच्या आठ देशांत मिळून एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लठ्ठपणा, दुर्लक्षित जखम, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या ही अपेक्षित कारणं निघालीच, आणि त्यांच्या जोडीला त्वचा उजळवणं. तसं करणाऱ्यांत हा संसर्ग होण्याची शक्यता चौपटीहून अधिक.

हायड्रोक्विनोनचा सूड वेगळाच आहे. वर्षानुवर्षं ते लावून उन्हात वावरलं की गालाच्या हाडांवर, डोळ्यांभोवती, मानेवर निळसर-काळा, राखाडी रंग साचतो आणि बारीक काळे दाणे उमटतात. याला ओक्रोनोसिस म्हणतात. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून याचं पहिलं ठळक वर्णन आलं. हा रंग त्वचेच्या खालच्या थरात असतो आणि कोणत्याही मलमाने जात नाही. पण बाईला वाटतं, डाग पडलाय म्हणजे औषध कमी पडतंय. ती मात्रा वाढवते, डाग गडद होतो.

आणि कर्करोग. काळ्या त्वचेला मेलॅनिनचं छत्र असतं, म्हणून उन्हाने होणारे त्वचेचे कर्करोग तिथे विरळ. २०१० मध्ये डाकारहून दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, दोघी दीर्घकाळ खेसाल करणाऱ्या. २०१८ मध्ये सेनेगलमधूनच आणखी आठ रुग्णांची. कर्करोग स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा. छत्र काढून ठेवायचं, त्वचेची पहारेकरी यंत्रणा स्टिरॉइडने झोपवायची आणि वर विषुववृत्ताजवळचं ऊन, हे तिन्ही एकत्र आल्यावर दुसरं काय होणार, असं त्वचारोगतज्ज्ञ मानतात. कार्यकारणाचा पक्का पुरावा द्यायला दहा रुग्ण पुरत नाहीत. पण ज्या आजाराची अपेक्षाच नव्हती त्याचे दहा रुग्ण एका देशात, ही बाब गप्प बसू देत नाही.

फलक

२०१२ मध्ये डाकारच्या रस्त्यांवर ‘खेस पेच’ नावाच्या क्रीमचे मोठाले फलक लागले. नावाचा अर्थ साधारण ‘एकदम उजळ’. एकाच बाईचे आधीचे-नंतरचे फोटो आणि पंधरा दिवसांत परिणामाचं वचन. इतकी वर्षं चोरून चाललेली गोष्ट चौकात उघडी लटकल्यावर शहर चिडलं. आरोग्यमंत्र्यांच्या नावे विनंतीअर्ज निघाला आणि काही तरुण मंडळींनी उत्तरादाखल ‘न्यूल कुक’ म्हणजे ‘काळीभोर’ अशी मोहीम काढली, काळ्याभोर बायकांच्या देखण्या छायाचित्रांसह. मोहीम सुंदर होती. फातिमाता ली यांच्यासारखे डॉक्टर आणि त्यांची संस्था त्याच्या कितीतरी आधीपासून हेच सांगत होते, पण फोटोशिवाय ते कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

कायद्यांचं थोडक्यात आटोपतो, कारण तिथे कागद जास्त आणि काम कमी. आयव्हरी कोस्टने २०१५ मध्ये पारा (हाही त्वचा उजळवायला वापरतात), स्टिरॉइड आणि ठरावीक प्रमाणापुढचं हायड्रोक्विनोन असलेल्या क्रीमवर बंदी घातली, घानाने २०१६ मध्ये हायड्रोक्विनोन पूर्ण थांबवलं. युरोपीय संघाने २००१ मध्येच स्वतःच्या त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांतून ते काढून टाकलं होतं. मात्र पाऱ्याचे साबण स्वतःच्या लोकांना बंद करूनही बाहेर पाठवायला बंदी यायला २००३ उजाडलं. स्वतःच्या घरात विष नको, गिऱ्हाइकाच्या घरात चालेल, ही नीती तेवढी वर्षं राजरोस चालली.

आणि गिऱ्हाईक शोधणाऱ्यांत आपणही आहोत. बेटामेथासोन हे स्टिरॉइड, निओमायसिन हे जंतुनाशक आणि क्लोट्रिमॅझोल हे बुरशीनाशक अशा तिहेरी मिश्रणाची भारतात बनलेली मलमं नायजेरियाच्या बाजारात गोरेपणासाठी विकली जातात. अशाच तिहेरी मलमांनी आपल्याकडे नायट्याची साथ कशी हट्टी करून ठेवलीय हे कोणताही त्वचेचा डॉक्टर सांगेल. चेहऱ्याला स्टिरॉइड लावून झालेल्या विद्रूपतेला स्वतंत्र नाव देण्याची वेळ भारतीय त्वचारोगतज्ज्ञांवर आली. २०१८ मध्ये केंद्राने चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन मागून बघा, ती मनाई किती पोचलीय ते कळेल. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली. कारणाचा माग मुंबईच्या केईएम रुग्णालयात लागला : ओळखीच्या ब्यूटिशियनकडून आणलेल्या क्रीममध्ये पारा. नैरोबीच्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये मूत्रपिंडाच्या ६० रुग्णांत निम्म्याहून अधिकांकडे अशीच क्रीम सापडल्याचं लिहून ठेवलं होतं. पन्नास वर्षं झाली.

सोडायचं म्हटलं तर

पुन्हा त्या माताआरोग्य केंद्रात येऊ. समजा सातव्या महिन्यातल्या एकीने सगळं खरं सांगितलं आणि तिला म्हटलं, आजपासून बंद. दोन-तीन आठवड्यांत तिचा चेहरा लाल होतो, जळजळतो, पुवाच्या पुटकुळ्यांनी भरतो. वर्ण परत येतो, पण सारखा येत नाही, ठिपक्याठिपक्यांनी येतो. हा स्टिरॉइड सोडल्याचा परिणाम आहे आणि निवळायला काही महिने जातात. तिला मात्र एवढंच दिसतं की मलम होतं तोवर चेहरा ठीक होता, डॉक्टरचं ऐकलं आणि वाट लागली. शिवाय अधिवृक्क ग्रंथी झोपलेल्या असताना एकदम बंद करणं तिच्या आणि बाळाच्या जिवाला धोक्याचं ठरू शकतं. म्हणून बंद करायचं ते हळूहळू : आधी अतितीव्र मलम काढून सौम्य, मग दिवसाआड, मग मोजक्या जागी, कॉर्टिसॉल तपासत, आणि प्रसूतीच्या खोलीतल्या माणसांना आधी कळवून ठेवून.

हे सगळं करायला वेळ लागतो, आणि न्गेंतेला दोन-तीन महिनेच उरलेत. सातव्या महिन्यात आलेली बाई ‘हे लावू नको’ एवढ्यावर घरी गेली तर ती आठव्या महिन्यात डबी पुन्हा उघडणार हे सांगायला ज्योतिषी नको. तिला विचारण्याजोगा प्रश्न एवढाच आहे की घरातली सगळी दुधं, साबण, ट्यूबा पिशवीत घालून पुढच्या खेपेला आणशील का. पिशवी टेबलावर रिकामी झाली की नर्सने प्रत्येक ट्यूबवरचं बारीक अक्षरातलं नाव केसपेपरवर उतरवून घ्यायचं, कोणती आज थांबवायची, कोणती हळूहळू, ते तिच्यासमोर ठरवायचं, आणि पेपरच्या वरच्या कोपऱ्यात, रक्तगटाशेजारी, लाल शाईने ‘स्टिरॉइड’ असं लिहायचं.